आग्नेय कोपऱ्यातील निर्णय

शहरी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंब जे मोजके मोठे निर्णय घेते, त्यांपैकी घर घेणे, मुलांची शाखा ठरवणे आणि विवाह जुळवणे या तिघांची दखल अभ्यासकांनी वेळोवेळी घेतली आहे. मात्र स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना गॅसची शेगडी निवडणे हा चौथा निर्णय आजवर उपेक्षित राहिला आहे. वास्तविक पहिल्या तिन्ही निर्णयांत नशिबाला बोल लावण्याची सोय असते आणि खापर फोडण्यासाठी दलाल, क्लासचे सर किंवा स्थळ आणणारे काका यांपैकी कोणी ना कोणी हाताशी असते. शेगडीच्या बाबतीत अशी कोणतीही सोय नाही, कारण ती सर्वांनी मिळून, सर्वांसमोर आणि बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते, आणि येथे झालेली चूक दिवसातून तीन वेळा स्वतःच्या हाताने पेटवावी लागते.

येथे नूतनीकरण याचा अर्थ भिंतींना रंग देणे असा नाही. जुना ओटा फोडणे, त्याखालचे कडाप्प्याचे कप्पे काढून सरकत्या ट्रॉल्या बसवणे, भिंतीवर छतापर्यंत टाइल्स चढवणे, आणि हा सर्व काळ शेजाऱ्यांना धूळ देत व स्वतः डबे मागवून खात काढणे, अशी ती संयुक्त क्रिया आहे. या क्रियेत निर्णयांचा एक ठरलेला क्रम आढळतो. आधी टाइल्सचा रंग ठरतो, मग ट्रॉल्यांच्या दारांचा, मग दारांच्या मुठींचा, त्यानंतर सिंक एकेरी की दुहेरी यावर दोन रविवार जातात, आणि नळाची तोटीही घरी आल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते की शेगडी अजून राहिली आहे. वस्तुतः ओट्याचा दगड कोठे कापायचा, चिमणी कोठे टांगायची आणि गॅसची नळी कोठून आणायची हे सर्व शेगडीवर अवलंबून असते. परंतु ज्या अग्नीसाठी एवढा खटाटोप चाललेला असतो, त्याचा क्रम तोटीच्या नंतर लागतो ही वस्तुस्थिती आहे.

या निर्णयाला फार मोठा इतिहास नाही, कारण दीर्घकाळ निवडीलाच वाव नव्हता. मातीची चूल घरातील स्त्री स्वतः घालत असे आणि तिच्या कडेला वैल ठेवत असे. वैल म्हणजे चुलीच्या मुख्य तोंडातून निसटणाऱ्या धगीवर चालणारे दुय्यम तोंड, ज्यावर आमटी मंद उकळत राही किंवा उतरवलेला भात मुरत राही. आजच्या शेगडीवरील ज्या लहान बर्नरची विक्रेता 'सिमर' म्हणून खास शिफारस करतो, तो या वैलाचाच वंशज होय, फरक इतकाच की वैलाला वेगळे इंधन लागत नसे. चुलीमागून कोळशाची शेगडी आली, वातीचा स्टोव्ह आला, आणि १८९२ साली स्वीडनमध्ये जन्मलेल्या प्रायमसच्या कुळातील, पंप मारून पेटवायचा पितळी स्टोव्ह आला, ज्याच्या छिद्रात पिन मारण्याचे कौशल्य घरातील एकाच व्यक्तीकडे असे आणि ती व्यक्ती नेमकी त्या वेळी बाहेर गेलेली असे.

१९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकासाठी एलपीजी, म्हणजे दाबाखाली द्रवरूप केलेला पेट्रोलियम वायू, विकण्यास आरंभ केला आणि १९६५ साली इंडियन ऑइलचा इंडेन आला. त्यानंतरची काही दशके गॅसची जोडणी ही घरगुती वस्तू नसून सामाजिक पायरी होती. नंबर लागण्यास वर्षे जात, खासदारांच्या वाट्याला जोडण्यांची कुपने येत आणि त्या कुपनांमुळे त्यांच्या लोकसंपर्कात लक्षणीय वाढ होई, तर लग्नाच्या बोलणीत 'घरात गॅस आहे' हे वाक्य 'मुलगा कायम झाला आहे' या वाक्याला लागूनच उच्चारले जाई. अखेर नंबर लागला की बाटल्यासोबत दोन बर्नरची स्टीलची शेगडी वितरकाकडूनच घ्यावी, असा प्रेमळ आग्रह होई आणि तो मोडण्याची हिंमत कोणी करत नसे. कोणती शेगडी हवी असे कोणी विचारत नसल्यामुळे शेगडी न आवडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. एका बर्नरवर कुकर आणि दुसऱ्यावर तवा, या घटनेवर एक संपूर्ण पिढी जेवून मोठी झाली, आणि त्या पिढीच्या जेवणात काही उणे होते असे म्हणण्यास आधार सापडत नाही.

आजचा ग्राहक मात्र दुकानात शिरताच त्याच्यासमोर भिंतभर शेगड्या मांडलेल्या असतात आणि त्यांपैकी एकही पेटवून दाखवली जात नाही. कपडे घालून पाहता येतात, वाहन चालवून पाहता येते, पण ज्या वस्तूचा एकमेव धर्म जळणे हा आहे ती वस्तू न जाळता घ्यावी लागते; त्यामुळे परीक्षा साहजिकच दिसण्यावर येऊन ठेपते. शेगड्यांच्या येथे दोन मुख्य जाती आढळतात. ओट्यावर पायांवर उभी राहणारी ती साधी शेगडी, जिला दुकानात कुकटॉप म्हटले जाते. आणि ओट्याच्या दगडाला चौकोनी भोक पाडून त्यात बसवली जाणारी ती हॉब, जिचे केवळ तोंड वर दिसते आणि उरलेला देह ट्रॉलीच्या डोक्यावर दडलेला असतो. हॉबटॉप नावाची एक तिसरी जातही आहे, जी ओट्यावर ठेवता येते आणि भोकातही बसवता येते, आणि दोन्ही पक्षांशी संबंध राखून असणाऱ्यांप्रमाणेच तिच्यावर दोन्ही पक्षांचा विश्वास थोडा कमी असतो.

हॉबविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण नूतनीकरण करणाऱ्या कुटुंबास ती आधुनिकतेचे अंतिम लक्षण वाटते. ओटा सपाट, सलग आणि पुसण्यास सोपा होतो हे खरेच आहे. पण दगडात पाडलेल्या भोकाचे, म्हणजे कटआउटचे, माप कंपनीगणिक वेगळे असते आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचेही ते जुळेलच असे नाही. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. यातून असा सिद्धान्त निष्पन्न होतो की एकदा हॉब बसवलेल्या घरातील पुढची प्रत्येक हॉब आधीच्या हॉबएवढी किंवा तिच्याहून मोठीच असावी लागते, आणि घरातील माणसे कमी होत असताना शेगडी मात्र वाढत जाते. दुसरा मुद्दा असा की हॉबच्या पोटाखाली हवा खेळती राहणे आवश्यक असते. बर्नरला ज्वलनासाठी हवा लागते आणि एखाद्या सांध्यातून गॅस गळला तर तो कोंडून राहता कामा नये. सुताराला मात्र रिकामी जागा पाहवत नाही. तो तेथे चमच्यांची ट्रॉली करून देतो आणि कुटुंबही, जागेचा किती छान उपयोग झाला म्हणून, त्याचे कौतुक करते.

शेगडीचा पृष्ठभाग स्टीलचा असावा की काचेचा, या प्रश्नावर बहुतेक कुटुंबे काचेच्या बाजूने उभी राहतात. ही काच साधी नसून टफन्ड असते, म्हणजे ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडलेले असतात, ज्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो, काच अधिक भार सोसते आणि फुटलीच तर तिचे सुरीसारखे तुकडे न होता बोथट दाणे होतात. विक्रेता ही काच किती बळकट आहे हे सांगताना ती कशी फुटते याचेच वर्णन अधिक रंगवून करतो, आणि ग्राहक ते ऐकून निश्चिंत होतो, ही मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखी गोष्ट आहे. काळ्या काचेवर बोटाचा ठसा दिसतो, पाण्याचा थेंब वाळला की डाग दिसतो, पीठ सांडले तर ते पलीकडच्या खोलीतूनही दिसते. स्टीलवर ओरखडे पडतात, पण ते पडून गेल्यावर स्टील त्यांविषयी कुरकुर करत नाही. स्टीलचे जाडजूड पत्रे आणि पितळी बर्नर असलेली शेगडी दुकानाच्या सर्वांत खालच्या फळीवर, मिक्सरच्या खोक्यांमागे ठेवलेली असते, आणि तिची चौकशी करणाऱ्या ग्राहकाकडे विक्रेता किंचित सहानुभूतीने पाहतो.

स्वयंचलित पेटवणी, अर्थात ऑटो इग्निशन, ही सोय मागणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि म्हणून लायटरच्या चिरंजीवित्वाचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. १८८० साली पिएर आणि झाक या क्यूरी बंधूंनी असे दाखवून दिले की काही स्फटिक दाबले असता त्यांच्यात विद्युतदाब निर्माण होतो. भिंतीवरील खिळ्याला टांगलेला गॅसचा लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो, त्याला ना वीज लागते ना सेल. याउलट अनेक हॉबच्या पोटात ठिणगीसाठी एक सेल बसवलेला असतो, जो बदलण्यासाठी चमच्यांची ट्रॉली संपूर्ण बाहेर काढावी लागते. परिणामी सेल संपल्यावर तो बदलण्याचे काम दिवाळीच्या साफसफाईपर्यंत लांबणीवर पडते आणि नवीन टाइल्समध्ये खिळा मारण्यास सक्त मनाई असल्याने लायटर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला जातो. पुढे सेल बदलला गेला तरी लायटर तेथून हलत नाही.

ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा ही मात्र थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. बर्नरच्या कडेला थर्मोकपल नावाची एक बारीक दांडी असते. दोन निराळ्या धातूंच्या सांध्याला उष्णता लागली की त्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, तो एका चुंबकाला जागे ठेवतो आणि चुंबक गॅसची झडप उघडी धरतो, तर ज्योत गेली की दांडी थंड होते, चुंबक सुटतो आणि झडप मिटते. या यंत्रणेची एकच अट असते, ती म्हणजे पेटवताना बटण काही क्षण दाबून धरणे. घरातील ज्येष्ठांनी आयुष्यभर बटण फिरवून लगेच सोडलेले असल्यामुळे त्यांच्या हातून ज्योत पेटते आणि विझते, पुन्हा पेटते आणि पुन्हा विझते, आणि एवढे पैसे घालून आणलेली शेगडी बिघडलेली निघाली हा निष्कर्ष पहिल्याच दिवशी जाहीर होतो.

या पहिल्या दिवसाचाही एक स्वतंत्र पेच आहे. नव्या जागेत दूध उतू जाऊ देणे शुभ मानले जाते. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घालवण्याची प्रथा तर सर्वश्रुतच आहे. मातीला आणि शेणीला दुधाचे वावडे नसते. हॉबच्या माहितीपुस्तिकेला ते असते. अशा वेळी नवी काच, तिच्यावरील चकचकीत आवरण आणि बर्नरची सूक्ष्म छिद्रे यांचे हित एका बाजूला आणि घराची भरभराट दुसऱ्या बाजूला असा संघर्ष उभा राहतो. तडजोड म्हणून चहाच्या पातेल्यात चमचाभर दूध घेऊन ते मोठ्या ताटात ठेवलेल्या अवस्थेत, सर्वांच्या नजरेखाली, नियंत्रित स्वरूपात उतू घालवले जाते. त्यानंतर आठवडाभरात सकाळी फोनवर बोलता बोलता जे दूध उतू जाते ते पूर्ण लिटरभर असते आणि ते कोणत्याही विधीत मोडत नाही.

बर्नर किती असावेत, हा या विषयाचा गाभा आहे. दोन, तीन, चार आणि पाच बर्नरच्या शेगड्या मिळतात, आणि ज्या घरी जेवणारी माणसे तीन आहेत तेथे चार बर्नर घेण्याकडे कल दिसतो, कारण पाहुणे आले तर, असा युक्तिवाद असतो. येथे भूमितीचा आधार घ्यावा लागतो. साधारण ६० सेंटिमीटर रुंदीच्या काचेवर दोन-दोनच्या ओळींत चार बर्नर बसवले तर शेजारच्या दोन बर्नरांच्या केंद्रांमध्ये जेमतेम ३० सेंटिमीटर अंतर उरते, आणि पुढच्या व मागच्या बर्नरांमध्ये ते बहुधा त्याहूनही कमी असते. मराठी घरातील मोठी कढई स्वतःच ३० सेंटिमीटरच्या घरात असते आणि तिला दोन कान असतात; भाकरीचा तवा तिच्याहून फार मागे नसतो; पाच लिटरच्या कुकरला लांब दांडा असतो आणि तो दांडा नेहमी शेजारच्या ज्योतीवर येतो. याचा अर्थ असा की कढई बसली की तिच्या शेजारचा बर्नर बाद होतो, तवा चढला की मागचा बर्नर बाद होतो, आणि चार बर्नरच्या शेगडीवर प्रत्यक्षात अडीच भांडी मावतात, ज्यांतील अर्धे भांडे म्हणजे फोडणीचे कढले. उरलेल्या बर्नरांवर दुधाचे पातेले, तुपाचे भांडे आणि झाकण सापडत नाही म्हणून ताटली ठेवलेली कालची उसळ यांची कायमची वसती होते. ज्वालेच्या दृष्टीने पाहता ही अत्यंत महागडी मांडणी होय.

मागच्या ओळीतील बर्नरांचा आणखी एक दोष असा की तेथे हात नेताना पुढच्या कढईवरून न्यावा लागतो. मोहरी तडतडत असताना असा हात नेलेल्या व्यक्तीस हा दोष पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. म्हणून अनुभवी मंडळी सर्व बर्नर एका ओळीत असलेली रुंद शेगडी श्रेयस्कर मानतात. मात्र एवढी रुंदी ओट्यावर मिळत नाही, कारण तेथे दुहेरी सिंक, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र आणि कधीच न वापरला जाणारा टोस्टर यांनी आधीच ताबा घेतलेला असतो.

ज्या गोष्टींविषयी ग्राहक प्रश्न विचारत नाही, त्याही पाहणे उद्बोधक ठरेल. भारतीय मानक ४२४६ नुसार घरगुती एलपीजी शेगडीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळलेल्या गॅसच्या उष्णतेपैकी प्रत्यक्ष भांड्यात शिरणारा वाटा, किमान ६८ टक्के असावा लागतो. उरलेला जवळजवळ एक तृतीयांश भाग स्वयंपाकघर, भिंती आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती यांना तापवण्यात खर्ची पडतो. वैशाखात पुरण शिजवणाऱ्यांना हा भाग आणखी मोठा असल्याची शंका येते. ज्योत निळी असावी, कारण गॅसमध्ये आधीच पुरेशी हवा मिसळली तर ज्वलन पूर्ण होते आणि काजळी धरत नाही. १८५५च्या सुमारास रॉबर्ट बुन्सेन यांच्या हायडलबर्गमधील प्रयोगशाळेत जो बर्नर घडला त्याचे हेच मर्म होते, आणि ते मर्म आज प्रत्येक बर्नरखाली एका लहानशा छिद्राच्या रूपाने नांदते. पिवळी ज्योत भांड्याची बुडे काळी करते. त्यावर बर्नर साफ करणे किंवा हवेची झडप जुळवणे हा उपाय आहे, पण सर्वसाधारणपणे भांडी घासण्याचा साबण बदलला जातो.

दुसरी अशीच अव्हेरलेली वस्तू म्हणजे जेट. ज्याच्या बारीक छिद्रातून गॅस बर्नरमध्ये शिरतो त्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. बाटल्यातील गॅस हा प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते, तर मुंबईत महानगर गॅस किंवा पुण्यात एमएनजीएल जो नळ्यांतून घरी पोहोचवतात तो नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. तो कमी दाबाने येतो आणि त्याच आकारमानात त्याची उष्णताही कमी असते, म्हणून त्याला मोठ्या छिद्राचे जेट लागते. बाटल्याची शेगडी जेट न बदलता नळीवर जोडली तर ज्योत खंगते, आणि नळीची शेगडी बाटल्यावर जोडली तर ती भडकते, जे केवळ गैरसोयीचे नसून धोक्याचे आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास जमिनीलगत साचतो, मिथेन हलका असल्याने वर चढतो. दोघांनाही स्वतःचा वास नसतो आणि तो मुद्दाम मिसळलेला असतो. नूतनीकरणाच्या संदर्भात याहून महत्त्वाची बाब अशी की १४.२ किलो गॅसच्या बाटल्यासाठी सुताराने मोठ्या कौशल्याने बनवलेली चाकांची ट्रॉली पूर्ण होते, त्यानंतर थोड्याच दिवसांत सोसायटीत नळीचा गॅस येतो, आणि त्या ट्रॉलीत पुढे कांदे-बटाटे राहतात.

ओव्हनसह येणाऱ्या शेगडीचा, जिला कुकिंग रेंज म्हणतात, उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. वर चार बर्नर, खाली भट्टी आणि समोर काचेचे दार अशी ही वस्तू घेणारे कुटुंब घेण्याच्या क्षणी मनाने बिस्किटे, केक आणि लसूण पाव यांच्या राज्यात वावरत असते. प्रत्यक्षात नाताळच्या आधी एकदा केक होतो, तो मध्ये कच्चा राहतो, आणि त्यानंतर भट्टीत दोन कढया, पुरणपोळीचा तवा, अनारशाची परात व डोशाचा बिडाचा तवा यांचा प्रवेश होतो. त्यांना बाहेर काढून पुन्हा भट्टी तापवण्यापेक्षा केक विकत आणणे सोपे असल्यामुळे ही स्थिती कायम राहते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर निवडीचाही प्रश्न नसतो. तेथे बहुतेक घरांत ३० इंच रुंदीची रेंज ओव्हनसह आधीच उभी असते आणि ती गॅसची असेल तर तिची ताकद बीटीयूमध्ये सांगितली जाते. एक बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवण्यास लागणारी उष्णता. हा आकडा कितीही मोठा असला तरी वांगे भाजताना धुराचा इशारा देणारी घंटा वाजायची ती वाजतेच, आणि कुटुंबातील उंच सदस्य टॉवेलने छताखालची हवा हलवत असताना दुसरा सदस्य वांग्याची बाजू बदलतो. भट्टीत कढया तेथेही असतात. भौगोलिक अंतराचा या प्रथेवर परिणाम झालेला नाही.

वांग्याच्या निमित्ताने इंडक्शनचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने थेट भांड्याचे बूड तापवणाऱ्या विजेच्या शेगडीचा, दावा निकालात काढता येतो. ती स्वच्छ आहे, तिची उष्णता फारशी वाया जात नाही आणि दूध तिच्यावर पटकन तापते. पण तिला ज्योत नाही. भरताचे वांगे, पोह्याचा पापड, विस्तवावर फुगणारा फुलका आणि तव्यावरून काढून आचेशी धरलेली ज्वारीची भाकरी या चौघांना ज्योतच लागते. ज्या घरी या चौघांपैकी एकही शिजत नाही त्या घराने खुशाल इंडक्शन घ्यावी.

शेगडीची जागा ठरवताना वास्तुशास्त्राचा हस्तक्षेप अटळ असतो. अग्नीचे स्थान आग्नेयेला आणि स्वयंपाक करणाऱ्याचे तोंड पूर्वेला, असा दंडक आहे. परंतु बहुमजली इमारतीत बांधकाम व्यावसायिकाने नळ, खिडकी आणि गॅसची नळी आपल्या सोयीने घातलेली असते. मग मोबाइलमधील होकायंत्र ओट्यावर ठेवून दिशा पाहिली जाते, आजूबाजूच्या लोखंडामुळे त्याचा काटा प्रत्येक वेळी निराळी आग्नेय दाखवतो, आणि त्यांतील जी आग्नेय नळीच्या सर्वांत जवळ असते ती प्रमाण मानली जाते. विज्ञान आणि परंपरा यांचा इतका सौहार्दपूर्ण समन्वय अन्यत्र क्वचितच दिसतो. वर टांगलेली चिमणी शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर उंचीवर असावी लागते. ती पूर्ण वेगाने चालू केली की फोडणीचा धूर जातो, पण कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येत नाहीत, आणि घरात तीन झाल्या की चार यावर मतभेद होऊन डाळ लगदा होते.

अखेर निर्णयाचा दिवस येतो. मुलगा परदेशी संकेतस्थळांवरील अभिप्राय वाचून आलेला असतो, मुलीने ओट्याच्या रंगाशी जुळणारी काच शोधलेली असते, वडिलांना हमीची वर्षे आणि विक्रीपश्चात सेवेचा दूरध्वनी क्रमांक हवा असतो, आजींना बटणे मोठी असावीत असे वाटते आणि त्यांचे म्हणणे सर्वांत मुद्द्याचे असल्यामुळे ते ऐकले जात नाही. आईला विचारले जाते. ती 'तुम्हाला आवडेल ती घ्या' असे म्हणते, आणि या वाक्याचा शब्दशः अर्थ घेणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. बहुसंख्य नोकरदार घरांत शेगडीवर सर्वाधिक वेळ जिचा हात असतो ती स्वयंपाकाची मावशी मात्र या बैठकीला नसते. रोज चार-पाच घरच्या शेगड्यांवर पोळ्या लाटणाऱ्या या बाईइतका तुलनात्मक अभ्यास कोणत्याही कंपनीच्या चाचणी विभागाने केलेला नसेल: कोणती ज्योत कडेला जास्त आणि मध्ये कमी लागते, कोणत्या जाळीवर तवा डुगडुगतो, कोणते बटण महिन्यात सैल होते आणि कोणत्या काचेखाली झुरळे निघतात, हे सर्व तिला ठाऊक असते. नवी हॉब बसल्यानंतर पहिल्या सकाळी ती येते, तवा ठेवते, शेजारी भाजीची कढई ठेवून पाहते, कढईचा कान तव्याला लागतो, आणि ती 'ताई, आता एका वेळी एकच होईल' एवढेच सांगते. तेव्हा दगड कापून झालेला असतो.

म्हणून नूतनीकरणास निघालेल्या वाचकांना एवढीच विनंती आहे की शेगडी टाइल्सच्या आधी ठरवावी, मावशींना किंवा घरात जो कोणी खरोखर पोळ्या करतो त्याला सोबत न्यावे, आणि दुकानात जाताना घरातील सर्वांत मोठी कढई, पोळ्यांचा तवा आणि दांड्याचा कुकर पिशवीत घालून न्यावेत. ही तिन्ही भांडी एकदम बसतील ती तीन बर्नरची, पितळी बर्नरांची, आयएसआय शिक्क्याची साधी स्टीलची शेगडी घ्यावी, आणि विक्रेता हसला तर त्याला हसू द्यावे.